नदीला दिलेल्या सात वह्या

"साहेब, तुमच्या वह्या..."

इथवर येऊन इस्तारी अडला. समोर साहेब नव्हते, म्हैस होती. म्हशीला सांगून पाहावं म्हटलं, तिलाही सांगवेना.

साहेब सावली गावाहून ऑटोनं निघाले होते. अर्ध्या तासाचा रस्ता.

साहेब म्हणजे पैंगीणकर साहेब, गोव्याचे. सावलीच्या बँकेत तीन वर्षं होते आणि राहायला इस्तारीच्या पुढच्या खोलीत. मासोळीच्या वासासाठी म्हणे. इस्तारीची बायको चंदाबाई, तिच्या रश्शात नारळ शोधायचे. "नारळ देवापुढं फोडतेत साहेब, मासोळीत कोन टाकते?" ती म्हणायची. बँक सुटली की ओट्यावर बसून वहीत या नदीवरचं पुस्तक लिहायचे, कोंकणीत. लिहून झालं की इस्तारीला वाचून दाखवायचे. खोड अशी, की रोज पहिल्या ओळीपासून सुरुवात.

बदली झाली तेव्हा सात वह्या भरल्या होत्या, पुस्तक अर्धं होतं. साहेबांनी वह्यांची ट्रंक खाटेखाली सरकवली. "नदी इथं, तर पुस्तकही इथंच असू दे. दिवाळीला येऊन पुरं करतो."

किती दिवाळ्या गेल्या, विचारू नका.

"साहेब, त्याचं असं झालं..."

असंही नको. असं झालं म्हणजे आपोआप झाल्यासारखं. झालं नव्हतं, केलं होतं.

कोरोनाच्या साली सून पायल मोबाईल घेऊन आली. फोटोला हार, खाली पैंगीणकर. चेहरा तोच, टक्कल तेच. साहेबांना अगदी तसाच दिसणारा धाकटा भाऊ होता, हे इथं कोणाला ठाऊक? साहेबांचा नंबर लावला, तो बंद. चंदाबाई मोठ्यानं रडली. तीन दिवस घरात मासोळी शिजली नाही.

इस्तारीच्या कुळात एक रीत आहे. मासे धरणारा गेला की दहाव्याला त्याचं जाळं शिशाच्या गोळ्यांसकट वैनगंगेत सोडायचं. मेलेल्याचं जाळं दुसऱ्यानं टाकू नये. बापाचं सोडलं, भावाचं सोडलं. साहेबांचं कोणतं सोडायचं?

"त्याहीचं जाळं तेच," चंदाबाईनं ट्रंकेकडे बोट केलं.

इस्तारीनं वह्या फडक्यात बांधल्या, गाठीला शिसं लावलं आणि डोंगा खोल पाण्यात नेला. माणूस आपला म्हणून. परका असता तर ट्रंक तशीच राहिली असती. हीच गोष्ट त्याला आता पोखरत होती.

आणि गेल्या महिन्यात पायलच्या मोबाईलवर साहेब. जिवंत! दिल्लीत, खांद्यावर शाल. कोंकणी पुस्तकाला देशपातळीवरचा पुरस्कार. पुस्तक दुसरंच, गोव्यात बसून लिहिलेलं. बँकेतून नंबर मिळवून साहेबांनीच फोन केला. "इस्तारीभाऊ, खरं पुस्तक तुमच्याकडे आहे. ते सोडून भलत्यालाच मिळाला पुरस्कार. येतो न्यायला."

इस्तारी "या" म्हणाला. एवढंच.

"साहेब, मी..."

ऑटो थांबला.

साहेब वाळले होते. ओट्यावर बसले, पाणी प्याले आणि खाटेखाली पाहू लागले. ट्रंकेत आता तांदूळ होते.

"वह्या नाईत साहेब. नदीले देल्या."

"दिल्या म्हणजे?"

"तुमी मेले होते."

साहेब हसले. मग रीत ऐकली, हाराच्या फोटोचं ऐकलं आणि हसू ओसरलं. "तो वासू, माझा धाकटा," म्हणाले. "मी तुम्हांला कळवलंच नाही. नंबर बदलला, तोही नाही." खाटेखाली पुन्हा एकदा वाकून पाहिलं. "दुसरी प्रत नव्हती, इस्तारीभाऊ."

"जागा दाखवू?"

डोंग्यात दोघंच. नदीच्या मधोमध इस्तारीनं वल्हं थांबवलं. "इथी." पाणी पाण्यासारखंच होतं.

"तुम्हांला रोज वाचून दाखवायचो," साहेब एकदम म्हणाले. डोळ्यांत काहीतरी उजळलं. "तीन वर्षं! काही आठवतं? काहीही?"

इस्तारीनं डोळे मिटले आणि साहेबांच्याच आवाजात, त्यांच्याच हेलात म्हणाला, "हांव हांगा सोयरो म्हूण आयलों."

मी इथं पाहुणा म्हणून आलो. पहिली ओळ. साहेबांनी घाईघाईनं खिशातून पेन काढलं, बसच्या तिकिटावर ती उतरवली.

"पुढं?"

इस्तारीनं डोळे उघडले.

"पुढं, इस्तारीभाऊ?"

"पुढं मले झोप लागे, साहेब. पहाटं जाळ्यावर जा लागे ना. तुमचा आवाज असा गोड, का दुसऱ्या ओळीले मी घोरत राहो. अन् तुमचं वाचनं चालूच राहे."

साहेबांनी पेनाला टोपण लावलं.

इस्तारीनं वल्हं उचललं नाही. एक दिवस, फक्त एक दिवस जागा राहिलो असतो, तर निदान दुसरी ओळ तरी हाती राहिली असती.