पलीकडची प्लेट

मित्रांनो, मी पायऱ्या उतरताना धरायचा एक जुना लोखंडी दांडा आहे. वेल्डरच्या दुकानात तांबडा प्रायमर अंगावर चढला, तेव्हा मी स्वतःला फार भक्कम समजत होतो. तोवर माझी भिंतीशी गाठ पडली नव्हती.

ती भिंत पोकळ सिमेंट ब्लॉकची. बाहेरून किल्ला, आत नुसती हवा. एका घराच्या पायऱ्यांना ती लागून होती आणि शेजाऱ्यांशी सामाईक होती. घरातल्या काकांना अर्धांगवायूचा झटका येऊन गेला होता. धरायला काही मिळालं, तर ते पायऱ्या उतरून फाटकापर्यंत जाणार होते. नाहीतर खाट होतीच.

जावयांनी सुट्टीच्या दिवशी मला स्क्रूंनी भिंतीवर ठोकलं. म्हणाले, "आता हत्ती बांधा!"

काकूंनी हत्तीची वाट पाहिली नाही. काकांना बाहेर आणण्याआधी त्यांनी स्वतःच मला धरून जोर दिला. ब्लॉकचा टवका घेऊन मी स्क्रूंसकट त्यांच्या अंगावर आलो. दारातून काकांनी ते पाहिलं आणि म्हणाले, "चला, आत न्या मला."

वेल्डर म्हणाला, "पोकळीत स्क्रू धरणार कशाला? आत काँक्रीट भरू, बोल्ट आरपार काढू. पण पलीकडून लोखंडी प्लेट लावून त्यावर नट आवळावे लागतील."

पलीकडचे शेजारी भाऊ, त्यांच्याशी या घराचं बोलणं बंद होतं. कारण हीच भिंत. चार बोटं उंच झाली होती म्हणे.

काकू त्यांच्या दारात गेल्या. काय बोलल्या ते मला कळलं नाही. मी पायरीवर आडवा पडलो होतो. पण काँक्रीट पक्कं झाल्यावर बोल्ट आवळायची वेळ आली, तेव्हा काकूंनी भिंतीवरून हाक मारली, "भाऊ, नट धरलात का?"

पलीकडून भाऊंचा आवाज आला, "धरलाय. आवळा लवकर, हात भरून आला माझा. आणि त्याला सांगा, फाटकाशी भेटतो म्हणावं."

दुसऱ्या दिवशी काकांनी सगळा भार माझ्यावर टाकला. मी हललो नाही. ते फाटकापर्यंत गेले.

पुढे काही वर्षांनी काका वारले. भाऊ घर विकून मुलाकडे राहायला गेले. आता काकू मला धरून उतरतात. पाहुणे माझा रंग वाखाणतात. प्लेटचं नाव कुणी काढत नाही. आज पलीकडे नवे बिऱ्हाडकरू पाना घेऊन उभे आहेत. त्यांना ती प्लेट कुरूप दिसते.

मित्रांनो, आपल्या बाजूचा नट सोडवण्याआधी भिंतीपलीकडे एक हाक मारा. तिकडे कुणीतरी पायरी उतरत असेल.