आसन सोडा, आसन घाला

मित्रांनो, उभे का? बसा ना! मी एक जुनी, वेताने विणलेली लाकडी खुर्ची आहे आणि ‘बसा’ हा शब्द मला जन्मापासून येतो.

खुर्ची होण्याआधी मी झाड होते. त्या दिवसांतले आता फारसे आठवत नाही. संध्याकाळी वारा यायचा, माझ्या अंगभर फिरायचा आणि पाने हलवून हळूच निघून जायचा, एवढे मात्र अजून स्वप्नात दिसते. मग करवत आली, रंधा आला. एका सुताराने मला पाठ, हात आणि पाय दिले. त्याच्या बायकोने वेताच्या पट्ट्या विणून माझी बैठक भरली. एक पाय किंचित आखूड राहिला, त्यामुळे मी जराशी डुलायची. तरी सुतार माझ्यावर ऐसपैस बसला आणि म्हणाला, “वा! याला म्हणतात सुखाचं आसन!” ते शब्द मी मनात पक्के जपून ठेवले.

तिथून मी एका छापखान्यात गेले. माझ्यावर बसायचे ते मुद्रितशोधक, म्हणजे पुस्तक छापण्याआधी त्यातल्या चुका शोधणारे गृहस्थ. नाकावर चष्मा, हातात लाल पेन आणि मान कागदात. ऱ्हस्व-दीर्घाची चूक त्यांच्या नजरेतून सुटायची नाही, म्हणून सगळे त्यांना वेलांटीकाका म्हणत. ते निवृत्त झाले तेव्हा मालकांनी मलाही त्यांच्याबरोबर घरी धाडले. माणसे खुर्ची सोडत नाहीत असे म्हणतात. इथे खुर्चीनेच माणसाला सोडले नाही!

घरीही आमची जोडी तीच. सकाळचा चहा माझ्यावर, दुपारची डुलकी माझ्यावर. हळूहळू त्यांची पाठ वाकली, गुडघे आखडले. पेन खाली पडले तर ते पायानेच ओढत जवळ आणायचे. मला मात्र त्यात काही वावगे वाटले नाही. माझा माणूस माझ्यापाशी होता ना!

एका सुट्टीत त्यांची लेक आणि नात राहायला आल्या. जावयाची बदली दूरच्या गावी झाली होती. तिथे घर मिळाले की दोघी निघणार होत्या. नातीने आल्या आल्या माझ्या पाठीपासून पलंगापर्यंत चादर ताणली आणि खाली आपले घर थाटले. वेलांटीकाका माझ्यावर बसून पेपर वाचत होते.

“आजोबा, या ना माझ्या घरी!”

“अगं, मला इथूनच दिसतंय की.”

“तिथून नुसतं छप्पर दिसतं!”

ते उठले, अर्धे वाकले, “आई गं” म्हणाले आणि पुन्हा माझ्यावर टेकले. नात आत गेली ती बाहेर येईना. मग ते लेकीला हळूच म्हणाले, “तुम्ही जायच्या आत मला एकदा तिच्या घरी जायचंय गं. नाहीतर आजोबा म्हणजे चादरीखालून दिसणारे दोन पाय, एवढंच तिच्या लक्षात राहील.”

लेक रोज सकाळी योगासने करायची. ती म्हणाली, “मग सुखासनापासून सुरुवात करू.”

मित्रांनो, माझा आनंद गगनात मावेना! सुखासन म्हणजे मीच की! आणि लेक पुढे काय म्हणाली? “चला बाबा, आसन सोडा आणि आसन घाला.”

“एका वाक्यात दोनदा आसन? एक खोडावं लागेल,” वेलांटीकाका म्हणाले.

“मग खुर्चीचं खोडून टाका!”

माझ्या तर चारही पायांखालची जमीन सरकली.

लेकीने जमिनीवर घोंगडीची घडी घातली. माझा हात धरून वेलांटीकाका कसेबसे खाली बसले आणि त्यांनी मांडी घातली. गुडघे हे एवढे वर! लेकीने घोंगडीची आणखी एक घडी बुडाखाली सारली. “बूड उंच झालं की गुडघे आपोआप खाली येतात. ओढाताण करायची नाही. दुखलं की थांबायचं. कणा ताठ, खांदे सैल, हात गुडघ्यांवर. आता नुसता श्वास घ्या. आणि रोज एकच पाय वर ठेवू नका हं, पाय बदलायचा.”

त्यांच्या पायांना मुंग्या आल्या. मी मनात हसले. येतील मुकाट्याने परत, म्हटले.

पण ते रोज बसू लागले. गुडघे खाली आले, मान मोकळी झाली, झोप शांत लागू लागली. आणि एका सकाळी, पडद्यातून ऊन झिरपत असताना, मला एक आवाज ऐकू आला. तो वेलांटीकाकांचा श्वास होता. इतकी वर्षे ते माझ्यावर बसले, पण छाती मिटून, पोट दुमडून. त्यांचा श्वास मला कधी ऐकूच आला नव्हता. आता तो आत आला, अंगभर फिरला आणि हळूच निघून गेला. संध्याकाळचा वारा! मला माझी पाने आठवली. माझा सगळा रुसवा तिथेच विरघळला.

मग जावयाचा फोन आला. घर मिळाले होते. निघायच्या दिवशी सामान दाराशी होते, तरी नातीने पुन्हा चादर ताणली. वेलांटीकाकांनी माझा हात धरला, खाली बसले, सरकत सरकत आत गेले आणि मांडी घालून ताठ बसले. डोके छपराला टेकले. नात त्यांच्याकडे टक लावून बघत राहिली.

“आजोबा, तुमच्या हनुवटीखाली तीळ आहे!”

“हो का? मला कधी दिसलाच नाही बघ.”

तिने त्या तिळावर बोट ठेवले आणि बाहेरून आईने हाक मारेपर्यंत काढले नाही.

त्या गेल्यावर वेलांटीकाकांनी चादर तशीच राहू दिली. मग एका जुन्या कागदाची घडी करून माझ्या आखूड पायाखाली ठेवली आणि म्हणाले, “हिलाही ताठ बसू दे.” तेव्हापासून मी डुलत नाही.

मित्रांनो, सुरुवातीला मी तुम्हाला ‘बसा’ म्हणाले होते. आता एक खुर्ची तुम्हाला हात जोडून सांगते, उठा! रोज थोडा वेळ तरी मला रिकामी ठेवा आणि जमिनीवर मांडी घालून बसा. तिथे कुणीतरी तुमची वाट बघत असते. आणि उठताना हात द्यायला मी आहेच की!