कधी न उतरलेली स्टेशनं

पासष्टी पूर्ण झाली आणि बांग म्योंग-ओकला भुयारी रेल्वेचं फुकट प्रवासाचं कार्ड मिळालं. ऑफिसातल्या मुलीनं ते दोन्ही हातांनी पुढं केलं आणि म्हणाली, "आता सोलभर कुठंही फिरा, आजी." त्यातला 'आजी' म्योंग-ओकला जरा लागला, पण 'कुठंही' मात्र घरी येईस्तोवर डोक्यात घोळत राहिलं.

कारण ती कुठंही गेलेलीच नव्हती. एका इस्पितळाच्या धुलाईखात्यात चादरी धुण्यात आणि घड्या घालण्यात तिचं आयुष्य गेलं. सकाळी घराजवळच्या यांगजी स्टेशनवर गाडीत चढायचं, इस्पितळाच्या स्टेशनवर उतरायचं, संध्याकाळी उलट. मधली स्टेशनं तिला फक्त नावानं ठाऊक. गाडीतला तो बाईचा गोड आवाज रोज त्यांची नावं घ्यायचा, दारं उघडायची, माणसं उतरायची. ती पुढं कुठल्या गल्लीत शिरतात, त्यांच्या दारात काय आहे, याचा विचार करायला तिला कधी सवड झाली नाही. आता सवडच सवड होती. नवरा जाऊन तीन वर्षं झाली होती. मुलगा गी-थे बुसानला. रविवारी फोनवर तोंड दाखवायचा, "आई, जेवलीस ना?" विचारायचा, ती "जेवले" म्हणायची, आणि मग दोघांनाही पुढं काय बोलावं ते सुचायचं नाही.

गल्लीतलं सार्वजनिक न्हाणीघर गुरुवारी बंद असायचं. एरवी तिथं गरम पाण्यात बसून चार बायकांशी चार शब्द तरी व्हायचे. गुरुवार मात्र अंगावर यायचा. म्हणून तिनं ठरवलं, दर गुरुवारी एका अनोळखी स्टेशनवर उतरायचं, पाय दुखेपर्यंत चालायचं, भूक लागली की काहीतरी खायचं आणि उजेडी परत यायचं.

तिनं चामड्याच्या कारखान्यांची गल्ली पाहिली. फक्त घड्याळं दुरुस्त करणारी दुकानं असलेला रस्ता पाहिला. एका टेकडीवर घरांच्या गच्च्यांवर वाळत घातलेल्या लाल मिरच्या पाहिल्या. पहिल्या पहिल्यांदा ती फोटो काढून गी-थेला पाठवायची. त्याच्याकडून उलट एक अंगठा यायचा. मिरच्यांना अंगठा, घड्याळांना अंगठा. मग तिनं पाठवायचं सोडून दिलं. एका गुरुवारी घरी येऊन तिनं शेजारणीच्या हाकेला ओ दिली, तर घशातून आवाजच फुटेना. सकाळपासून ती कुणाशी एक शब्दही बोलली नव्हती.

गारठा सुरू झाला त्या सुमारास ती दुनगोलला उतरली. बाजारामागच्या चढावर दुपारपर्यंत हिंडली आणि पोटात कावळे ओरडायला लागले तशी कोंबडीच्या रश्श्याच्या एका खाणावळीत शिरली. आत वाफ नि लसणाचा वास भरला होता. दाराशीच एक उंच, वाकलेला म्हातारा मालकिणीशी हुज्जत घालत होता.

"अहो, अर्धीच द्या ना मग!"

"अर्धी कोंबडी उकळत नाही आमच्याकडं," मालकीण म्हणाली. "कढई दोघांची असते. एकट्याला द्यायला परवडत नाही." तेवढ्यात तिचं लक्ष म्योंग-ओककडे गेलं. "तुम्ही किती जण, मावशी?"

"मी... एकटीच."

मालकिणीनं एकदा हिच्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे पाहिलं. "मग बसा की दोघं एका टेबलावर! कोंबडीला काय कळतंय, तुमची ओळख आहे की नाही ते."

बाकीची गिऱ्हाइकं हसली. म्योंग-ओकचे कान तापले. मागं फिरावं असं तिच्या मनात आलं, पण म्हाताऱ्यानं खुर्ची ओढून धरली होती आणि बाहेर वारा सुटला होता. ती बसली.

कढई वाफाळत टेबलावर आली. मग त्यानं चिमट्यानं एक तंगडी उचलून तिच्या वाडग्यात ठेवली.

"दुसरी तुम्ही घ्या," ती म्हणाली.

"घेतोच आहे. दोन तंगड्या आहेत म्हणून तर भांडण नाही."

त्याचं नाव ह्वांग दोक-सू. जन्मभर त्यानं लोकांच्या घरांतल्या भिंतींना कागद लावले. बायको गेलेली, मुलगी लांब. तोही एकटाच हिंडत होता, पण म्योंग-ओकसारखा नव्हे.

"नवीन जागा बघून मला काय करायचंय?" तो म्हणाला. "मी राहिलेल्या जागा बघतो. इथं वर, पाण्याच्या टाकीपाशी आमची खोली होती. लग्नानंतरची पहिली. आत्ता जाऊन आलो."

"मग? आहे?"

"टाकीसुद्धा नाही."

सोलमध्ये त्यानं इतकी भाड्याची घरं बदलली होती, की त्याची बायको म्हणायची, आपण खोक्यांत संसार करतो. आता तो एकेक जागा शोधत निघाला होता आणि दर ठिकाणी त्याला उंचच उंच इमारती भेटत होत्या.

निघताना तो बूट घालता घालता म्हणाला, "पुढच्या गुरुवारी नदीपलीकडं जाणार आहे. तिथं भाताच्या शेवयांचं गरम सूप झकास मिळायचं. तेही एकट्याला देत नसतील. बघा बाई, जमलं तर."

तिनं हो म्हटलं नाही. पण गुरुवारी ती त्यानं सांगितलेल्या स्टेशनच्या दाराशी उभी होती, आणि तोही होता, खिशात भाजलेली दोन रताळी घेऊन.

असे त्यांचे काही गुरुवार गेले. तो पुढं, ती मागं. कुठल्याशा इमारतींच्या फाटकासमोर तो थांबायचा, हातानं हवेत चौकोन काढायचा. "इथं न्हाणी. इथं चूल. इथून घरमालकीण ओरडायची." म्योंग-ओक त्या हवेकडे बघायची. मोटारी आत-बाहेर करत असायच्या, पहारेकरी संशयानं बघायचा. तिला काहीच दिसायचं नाही, तरी ती मान डोलवायची. एकदा तिनं विचारलं, "आणि चुलीपाशी खिडकी होती का हो?" तर त्याचा चेहरा असा काही उजळला, की मग ती दर ठिकाणी खिडकीबद्दल विचारायला लागली.

बुधवारी रात्रीच ती दुसऱ्या दिवशीचे कपडे काढून ठेवायची. न्हाणीघरातल्या बायकांना मात्र तिनं काही सांगितलं नाही. सांगण्यासारखं होतं तरी काय? एक म्हातारा तिला नसलेली घरं दाखवत होता.

डिसेंबरात ते शेवटच्या घरापाशी गेले. ते घर अजून पाडलेलं नव्हतं. टेकडीच्या पोटाशी निळ्या पत्र्यांच्या घरांची एक ओळ तेवढी पाडायची राहिली होती. ह्वांग दोक-सू चढ चढताना घाईवर आला होता. "मुलगी इथंच चालायला लागली," तो धापा टाकत म्हणाला. "उंबऱ्याला धरून. तो उंबरा बघा तुम्ही आता."

वर पोचल्यावर तो थांबला. एकाशेजारी एक अशी दोन सारखीच घरं होती, दोन्हींची दारं हिरवी. तो पहिल्यासमोर उभा राहिला. मग दुसऱ्यासमोर गेला. परत पहिल्याकडे आला.

"खिडकी कुठल्या बाजूला होती?" म्योंग-ओकनं हळूच विचारलं.

"डावीकडं." दोन्ही घरांना डावीकडेच खिडकी होती.

कोबी धूत बसलेल्या एका बाईनं मान वर केली. "कोण पाहिजे?"

"आम्ही इथं राहत होतो. खूप वर्षांपूर्वी."

"कुठल्या घरात?"

त्यानं एका दाराकडं बोट केलं, मग दुसऱ्याकडं. बाई पुन्हा कोबीकडे वळली. शेवटी त्यानं पहिल्या दारावर हात ठेवला. "हेच," तो म्हणाला. "हेच असणार." उंबऱ्याशी वाकून त्यानं बोटांनी लाकूड चाचपलं. मग तसाच पायरीवर बसला.

"खोटं कशाला बोलू, बाई. मला आठवत नाही."

म्योंग-ओक त्याच्या शेजारी बसली. पायरी इतकी गार होती, की मांड्या बधिर झाल्या. तो उठेपर्यंत ती बसून राहिली, एवढंच.

उतरताना तो म्हणाला, "संपली माझी घरं."

म्हणजे गुरुवारही संपले, हे तिला त्या उतारावरच कळलं. दोन वळणांनंतर तिचं तिलाच नवल वाटावं असं ती बोलून गेली, "मग माझं बघायला या."

"तुमच्याकडं काय आहे बघण्यासारखं?"

"काही नाही."

"मग येतो," तो म्हणाला.

पुढच्या गुरुवारी ती यांगजी स्टेशनवर स्वतःच्याच गल्लीची पाहुणी असल्यासारखी उभी राहिली. काय दाखवायचं हेच तिला कळेना. तिनं त्याला लोखंडी सामानाच्या दुकानावरून नेलं, गल्लीच्या पायऱ्यांवरून नेलं. आणि मग कोपऱ्यावर ती थांबली. "इथं आमचे हे सायकलवरून पडले होते. बर्फात. तांदळाची दारू पिऊन. पडल्या पडल्या म्हणतात कसे, 'म्योंग-ओक, आकाश बघ.' मी अशी चिडले! सोडून गेले घरी एकटी."

"मग?"

"मग मी परत आले. बसले शेजारी. आकाशात काही नव्हतं."

ही गोष्ट तिनं आजवर कुणाला सांगितली नव्हती. आणि एकदा तोंड उघडल्यावर ते मिटेचना. ही भिंत, इथं गी-थेचा दात पडला. हे दार, इथली मुलगी दोनदा पळून गेली नि दोनदा परत आली. या पेर्सिमनच्या फळझाडावरून दोन कुटुंबांत अजून बोलणं नाही. ह्वांग दोक-सू ऐकत होता, मध्येच विचारत होता, "आणि खिडकी?" तशी ती हसली. रस्त्यात मोठ्यानं हसली.

घरी नेणं शोभलं नसतं. किराणा दुकानाबाहेरच्या लाकडी बाकावर दोघं बसली. दुकानवाली सुन-दोक जवाचा गरम चहा घेऊन आली ती डोळे मिचकावतच.

"म्योंग-ओकताई, पाहुणे कुठले?"

"ओळखीचे आहेत."

"ते दिसतंयच. इतक्या वर्षांत तुला एवढं बोलताना मी पहिल्यांदा ऐकतेय. मला वाटलं, रेडिओ लावलाय कुणी."

ती आत गेल्यावर ह्वांग दोक-सूनं पेला दोन्ही तळव्यांत धरला. "मी मोक्पोला चाललोय, मुलीकडं. खोली सोडली. म्हणून तर सगळं एकदा बघून घेत होतो."

"कधी?"

"सोमवारी."

म्योंग-ओकनं रस्त्याकडे पाहिलं. एक बाई कुत्र्याला स्वेटर घालून चालली होती. "बरं झालं," ती म्हणाली. "तिकडं थंडी कमी असते म्हणतात." तिला हे म्हणायचं नव्हतं. काय म्हणायचं होतं, ते तिला त्या रात्री उशीवर डोकं टेकल्यावरही नीट ठरवता आलं नाही.

स्टेशनच्या जिन्यापाशी त्यानं तिचा फोन नंबर लिहून घेतला आणि कमरेत वाकून नमस्कार केला. "बघितलेल्यांत हीच जागा चांगली," तो म्हणाला. "उभी आहे अजून."

जानेवारीभर ती कुठं गेली नाही. गुरुवारी खिडकीशी बसायची, लसूण सोलायची. किराणा दुकानावरून जाताना आता तिला त्या बाकाकडे बघायचं नसायचं, म्हणून ती पायऱ्यांवरून लांबचा वळसा घ्यायची. पायऱ्यांपाशीही सायकलवरून पडल्याचा तो कोपरा होता. जन्मभराची गल्ली तिला एकाएकी अडचणीची झाली होती.

फेब्रुवारीत चांद्र नववर्षाच्या सणाला गी-थे बायकोला घेऊन आला आणि दोन रात्री राहून गेला. ते गेले त्याच संध्याकाळी फोन वाजला.

"बाई, मी ह्वांग."

"कसे आहात?"

"समुद्र दिसतो खिडकीतून." थोडं थांबून तो म्हणाला, "रोज तोच. मुलगी, जावई कामावर जातात. मी समुद्र बघतो. तुम्ही सांगा, या गुरुवारी कुठं उतरलात?"

तिच्या दुसऱ्या हातात उष्टी ताटं होती. कुठंच नाही, असं म्हणायला ती निघाली होती. पण पलीकडं तो कान लावून बसला असणार हे तिला दिसत होतं.

"मुलबातला," ती म्हणाली. इस्पितळाच्या आधीचं स्टेशन. तिनं जन्मभर ऐकलेलं नाव. "तिथं एक चढ आहे. दम लागतो असा. वर जुनी घरं आहेत, कौलारू. एका दारात म्हातारा कुत्रा बसलेला. आणि वरून सगळी नदी दिसते."

"अरे वा," तो म्हणाला. "मी कधी उतरलो नाही तिथं. आणि खिडक्या?"

"निळ्या."

तो खुशीत हसला. पुन्हा फोन करीन म्हणाला. फोन ठेवल्यावर म्योंग-ओक ताटं घेऊन तशीच उभी राहिली. खोटं बोलायची तिला सवय नव्हती.

गुरुवारी तिनं जाड कोट चढवला आणि ती मुलबातला उतरली. चढ नव्हता. रस्ता सपाट आणि रुंद, दोन्ही बाजूंना करड्या इमारती, त्यांच्यावर क्रमांकांचे मोठमोठे आकडे. एक बँक, एक औषधाचं दुकान, एक बंद पडलेली बेकरी. माणसं खाली मान घालून वाऱ्यातून चालली होती. नदी कुठल्या दिशेला आहे, हेसुद्धा कळत नव्हतं.

औषधाच्या दुकानातून एक तरुण बाई बाहेर आली, तिला म्योंग-ओकनं विचारलं, "इथं कुठं चढ आहे का हो? जुनी घरं वगैरे?"

"इथं?" ती बाई आजूबाजूला बघत म्हणाली. "नाही हो, काकू. कुणाकडं जायचंय तुम्हाला?"

"कुणाकडं नाही."

बाई थोडी घुटमळली आणि निघून गेली. म्योंग-ओकनं मफलर नाकावर ओढला. त्याचा फोन आला तर काय सांगायचं, ते काही तिला ठरवता येईना. पण आलीच होती, तेव्हा ती चालायला लागली. इमारतींच्या कडेकडेनं, एकेका मजल्यावर एखादी निळी खिडकी दिसते का, ते बघत.