एक सोडला, एक धरला

मित्रांनो, मी एक जुनी टेप आहे. गाणी वाजवणारी नव्हे हं. कपडे शिवणाऱ्यांच्या गळ्यात असते ती, मापं घ्यायची. दुकानातून आले तेव्हा साठ इंचांची होते, आता एकोणसाठ इंचांची आहे. म्हातारपणी अंग आखडतं तशी मी आखडले असं मात्र समजू नका. माझा पहिला इंच कापला गेला, आणि तो कोणी कापला हे मला चांगलं ठाऊक आहे.

मला विकत घेतलं एका तरुण बाईंनी. पुढच्या खोलीत खिडकीखाली त्यांनी शिवणयंत्र मांडलं आणि शाळेचे गणवेश, फ्रॉक, उशांचे अभ्रे असं मिळेल ते शिवायला सुरुवात केली. थोड्याच दिवसांत गल्लीभर त्यांचं नाव शिवणकाकू पडलं. काकूंचा स्वभाव मोठा गमत्या. एखादे गृहस्थ माप देताना पोट आत ओढून उभे राहिले की त्या म्हणायच्या, "सोडा हो श्वास. शर्ट घालून जेवायचं नाही का तुम्हाला?" समोरचा हसला की पोट आपोआप जागेवर यायचं आणि मग मी कमरेभोवती फिरायची. काय मजेचे दिवस होते ते.

काकूंना एक मुलगी होती. चार वर्षांची, आणि हाताला चैन म्हणून नाही. एका दुपारी तिनं माझं पितळी टोक पाहिलं, कात्री उचलली आणि पहिला इंच कचकन कापून बाहुलीच्या मनगटाला बांधला. बाहुलीला घड्याळ झालं आणि माझा जीव अर्धा झाला. काकू आल्या. आता पोरीचं काही खरं नाही, असं मला वाटलं. पण त्यांनी माझ्याकडे पाहिलं, बाहुलीकडे पाहिलं, आणि खाली वाकून बाहुलीलाच विचारलं, "काय बाई, वाजले किती?"

संध्याकाळी त्यांनी माझी उसवलेली कड काळ्या दोऱ्यानं शिवून टाकली. दुसऱ्या बाजूचे आकडे हाताच्या घामानं केव्हाच पुसले गेले होते, त्यामुळे मी आता एकाच बाजूनं, तेही अर्धवट, कामाची. दुकानदार म्हणाला, "काकू, नवी घ्या की." काकू म्हणाल्या, "हिच्यावर माझा हात बसलाय."

तेव्हापासून त्यांनी एक युक्ती केली. माप घेताना माझ्यावर पंचवीस आलं की पुटपुटायच्या, "एक सोडला," आणि वहीत चोवीस लिहायच्या. कापडावर खडूनं खूण करायची असली की पुटपुटायच्या, "एक धरला," आणि खूण पंचविसावर करायच्या. पस्तीस वर्षं त्यांनी असं केलं. एकही कपडा चुकला नाही. त्या काय पुटपुटतात हेही कोणी विचारलं नाही. घरच्यांना वाटायचं, सवय असेल.

ती कापाकापी करणारी मुलगी मोठी होऊन दवाखान्यात नर्स झाली. काकूंची आजी झाली. नात कायम टेबलाखाली बसून बटणांचा डबा उपसायची, म्हणून तिचं नावच बटण पडलं. बटण दहा वर्षांची झाली तेव्हा शाळेच्या नाटकात राजा झाली. आजी म्हणाली, "राजाला मखमलीचा डगला हवा," आणि पुढच्या खोलीचा लाल मखमली पडदा काढून तिनं घडी घालून ठेवला. नातीची मापं घेतली, वहीत लिहिली. आणि आठवड्याभरात आजी आजारी पडली ती उठलीच नाही.

मी खुंटीवर लटकून होते. मला गळ्यात घालणारं कोणी राहिलं नव्हतं. फार रिकामं वाटायचं हो.

नाटकाला चार दिवस उरले तेव्हा शाळेतल्या बाईंनी विचारलं, "बटण, दुकानातून भाड्यानं आणूया का डगला?"

"नको. आजीनं माप घेतलंय माझं," बटण म्हणाली.

बटणच्या आईनं आयुष्यात रुमालसुद्धा शिवला नव्हता. "दवाखान्यात टाके घालताना मी शेजारी उभी असते, तेवढाच माझा अनुभव," असं म्हणत तिनं मला खुंटीवरून काढलं. टेबलावर पडदा पसरला, वही उघडली. "उंची छत्तीस." माझं टोक कापडाच्या कडेला लावलं आणि छत्तिसावर खूण केली.

वहीतले छत्तीस खरे होते. माझ्यावरचे छत्तीस म्हणजे पस्तीसच. पाठीला, छातीला, बाहीला, जिथे तिथे एक इंच कमी. असा डगला पोरीच्या अंगात शिरलाच नसता. पडदा तेवढा एकच. मी ओरडून सांगितलं असतं, पण टेपेला कुठली वाचा? आईनं कात्री उचलली.

"आई, एक धर ना," बटण म्हणाली.

"काय धरू?"

"एक. आजी खूण करताना म्हणायची, एक धरला. मग एक पुढे करायची खूण."

"ते कशाला?"

"ते मला नाही माहीत. पण आजी रोज तसंच करायची."

आईनं कात्री खाली ठेवली. मला हातात घेतलं, काळ्या दोऱ्यावरून अंगठा फिरवला, आकडे पाहिले. एकाचा पत्ताच नव्हता, सुरुवातच दोनापासून.

"बाहुलीचं घड्याळ," ती म्हणाली, आणि मटकन स्टुलावर बसून हसायला लागली. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं. "पस्तीस वर्षं बेरीज-वजाबाकी करत बसली गं माझी आई. मला एका शब्दानं बोलली नाही." मग तिनं बटणला सगळं सांगितलं आणि दोघी मिळून हसल्या. आजी गेल्यापासून त्या खोलीत कोणी असं हसलं नव्हतं. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू.

खडू पुसून नव्या खुणा झाल्या. प्रत्येक खुणेला दोघी एका सुरात म्हणायच्या, "एक धरला." एक बाही दोनदा उलटी बसली, दोनदा उसवली. पण डगला झाला, आणि राजा त्यात असा चालला की प्रधानाला मागून पळावं लागलं. मी हे डोळ्यांनी पाहिलं. घाईघाईत शेवटची टीप घालून निघालेली आई मला गळ्यातून काढायलाच विसरली होती. तिसऱ्या रांगेत बसून मी नाटक पाहिलं, जन्मात पहिल्यांदा.

मित्रांनो, आम्हा वस्तूंना जपा, फेकू नका, हे तर मी सांगेनच. पण त्याहून एक मोठी गोष्ट मागते. घरातलं माणूस काम करताना काहीतरी पुटपुटतं ना, तेव्हा जवळ जा आणि विचारा, "काय म्हणालीस?" आमच्यापाशी सगळं असतं, पण आम्हाला सांगता येत नाही. काकूंना एवढ्या वर्षांत एकदा जरी कोणी विचारलं असतं, तर त्यांनी हातातलं शिवण बाजूला ठेवून, खुर्ची पुढे ओढून, मोठ्या हौसेनं सांगितलं असतं.