बाबांचा घाम थांबला

थांबा, मधे कुणी बोलू नका, नाहीतर माझी लिंक तुटेल आणि परत पहिल्यापासून सांगायची ताकद नाहीये माझ्यात.

बाबांना प्रोस्टेटचा कॅन्सर आहे, थोडा हाडात उतरलाय, हे तुम्हाला माहितीये. त्यावर दर तीन महिन्यांनी एक इंजेक्शन. ते शरीरातलं पुरुषी हार्मोन बंद करतं, कारण त्या गाठीचं खाणंच ते. खाणं बंद झालं की गाठ आक्रसते. पण त्यामुळे बाबांना बसल्या बसल्या घाम फुटायचा. पंख्याखाली बसलेत, गळ्यात ओला टॉवेल, तोंड लालबुंद. आई म्हणायची, "आता कळलं ना, पन्नाशीत माझं काय होत होतं? तेव्हा म्हणत होतात, नाटकं करते."

"चुकलो बाई," बाबा म्हणायचे, "पंखा वाढव."

आणि मग मधे कधीतरी हा घाम थांबला. घरात सगळे खूश. बाबा परत शिट्टी वाजवत दाढी करायला लागले, झुरळं-ढेकूण मारायच्या औषधाचा आमच्या धंद्यातला जड पंप स्वतः उचलायला लागले. आई शेजारच्या काकूंना सांगत सुटली, "माणूस माणसात आला बघा." मीपण खूशच होते. पण काल सकाळी आम्ही दोघं कामाला निघालो होतो, एका हॉटेलात ढेकणांची तक्रार होती, आणि व्हॅनमध्ये बाबा म्हणाले, "भिंगरे, काच वर घे गं, गार लागतंय."

घाम इंजेक्शनमुळे येत होता ना? मग घाम नाही म्हणजे काय नाही?

मी अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "बाबा, मागचं इंजेक्शन कुठल्या बाजूला दिलं होतं?"

"डावीकडे."

"आईने तर उजवीकडे शेक दिला होता. तुम्ही कण्हत होतात."

बाबांनी गाडी कडेला घेतली. स्टिअरिंगवर बोटं वाजवली. मग म्हणाले, "दोन चुकवली. मुद्दाम."

मी त्यांच्याकडे वळून बसले. तेच बोलायला लागले. "ती बेकरी आठवते? झुरळांची?"

न आठवायला काय झालं. आम्ही तिथे विष घातलेलं गोड जेल लावायचो. पहिल्यांदा झाडून सगळी मेली. मग थोडी आली, मग अजून थोडी, आणि एक दिवस मीच टॉर्च मारून बघितलं तर झुरळं जेलपाशी येऊन वळून जात होती. तोंडच लावत नव्हती. गोड खाणारी मरून गेली, गोड न खाणारी उरली, आणि बेकरी त्यांच्या पिल्लांनी भरली.

"हॉस्पिटलात एकजण भेटला," बाबा म्हणाले. "त्याचंही इंजेक्शनवर झकास चाललं होतं. मग उलटलं. आधीपेक्षा वाईट. मी म्हटलं, हे तर जेलचंच झालं. मी माझ्या हाताने मऊ मऊ ते मारतोय आणि आतले गुंड तेवढे राखतोय. म्हणून म्हटलं, थोडे दिवस जेल उचलून बघू."

खरं सांगू, मला भीती कशाची वाटली? ते खोटं बोलल्याची नाही. ते बरोबर असतील याची. मी बघितली होती ना ती झुरळं. मी कुठल्या तोंडाने सांगणार, घ्या इंजेक्शन?

हॉटेलवाल्याला फोन केला, ढेकणांना म्हटलं आज मजा करा, आणि गाडी सरळ डॉक्टरांकडे. आधी रक्त घेतलं. रिपोर्ट येईपर्यंत बाबा खुर्चीत माझ्याकडे पाठ करून बसले होते. कॅन्सर किती जागा आहे ते सांगणारा, पीएसएचा आकडा आला. जो इतके दिवस शून्याला चिकटून होता, तो चांगलाच वर गेला होता.

डॉक्टर ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी बाबांचं सगळं ऐकून घेतलं, बेकरीसकट. मग म्हणाले, "काका, तुमचं अर्धं बरोबर आहे. त्या पेशी पुढेमागे हार्मोनशिवाय जगायला शिकतात. कुणाच्या लवकर, कुणाच्या कित्येक वर्षांनी. थोड्या लोकांत तर रूपच बदलतात, जास्त आक्रमक होतात. हे मी लपवणार नाही."

"मग चुकलं कुठे माझं?"

"बेकरीत जेल चालेना, मग काय केलंत?"

"दुसरं औषध आणलं."

"आम्ही पहिलं काढतही नाही. त्याच्यावर दुसरं चढवतो. कारण एखादी पेशी उपाशी जगायला शिकली, तरी तिच्या शेजारच्या पुष्कळ अजून उपासाने मरत असतात. तुम्ही त्यांनाही जेवायला घातलंत."

बाबा एकदम बारीक आवाजात म्हणाले, "काहींना मधे इंजेक्शनची सुट्टी देतात म्हणे?"

"देतो. रक्त तपासत तपासत. आणि हाडात गेलेलं असेल तर सहसा नाही."

इंजेक्शन दिलं, वर गोळ्या सुरू केल्या. हाडांचा स्कॅन सोमवारी. मी विचारलं, आता पहिल्यासारखं लागू पडेल ना? डॉक्टर म्हणाले, "बहुतेक पडेल. महिन्याभरात रक्त सांगेल." बहुतेक.

घरी आलो. मला वाटलं बाबा जिन्यातच म्हणतील, आईला सांगू नकोस. पण चपला काढायच्या आधीच त्यांनी तिला सांगून टाकलं, दारात उभ्या उभ्या, झुरळांसकट. आई ऐकत राहिली. मला वाटलं आता भांडण. पण ती म्हणाली, "शर्ट काढा."

"आता?"

"काढा म्हटलं ना."

त्यांना स्टुलावर बसवलं आणि मानेपासून एकेक मणका बोटाने दाबत खाली यायला लागली. "इथे दुखतं?"

"नाही."

"इथे?"

"नाही गं."

"इथे?"

"नाही म्हणतोय ना."

कमरेच्या जरा वर तिचं बोट थांबलं. "इथे?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. नाही म्हणाले नाहीत.