ताईच्या इंग्रजी पट्ट्या

तीस वर्षं मी शाळेत इंग्रजी शिकवलं. माझी थोरली बहीण पाचवीनंतर शिलाई मशीनवर बसली ती अजून उठलेली नाही. त्यामुळे एका संध्याकाळी गळ्यातला टेप न काढताच ती माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "मास्तर, मला इंग्रजी शिकव. पाच आठवडे आहेत," तेव्हा मला हसू आवरेना.

"पाच आठवड्यांत इंग्रजी?"

"सगळं कुठे मागतेय? जाण्यापुरतं दे."

जायचं होतं लेकीकडे, परदेशात. भाचीचे दिवस भरत आले होते, मूल आडवं होतं आणि डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली होती. जावई जहाजावर नोकरीला, भर समुद्रात. भाची फोनवर एवढंच म्हणाली होती, "आई, मला आत नेतील तेव्हा तू दारात हवीस." ताईने त्याच दिवशी हातातले गणवेश दुसऱ्या शिवणवालीकडे सोपवले. वाटेत एका मोठ्या विमानतळावर विमान बदलायचं होतं आणि सोबतीला कोणी नव्हतं.

मी पुस्तक काढलं. पहिला धडा, माझं नाव अमुक.

"नाव पासपोर्टवर आहे की," ताई म्हणाली. "मला समजलं नाही, हळू बोला, हे आधी सांग."

"अशी सुरुवात करतात का कोणी? पहिल्या झटक्यालाच हात टेकायचे?"

"मी कापड बेतायच्या आधी माप घेते, तेव्हा गिऱ्हाईक म्हणतं का, हिला काही येत नाही?"

मी नाक मुरडलं, पण सांगितलं. तिने पांढऱ्या कापडाच्या पट्टीवर आपल्या अक्षरात लिहिलं, 'आय डोन्ट अंडरस्टँड. स्लोली, प्लीज.' पट्टीला सेफ्टी पिन लावली. रोज दोन-तीन पट्ट्या वाढत गेल्या, घरून निघण्यापासून भाचीच्या दारापर्यंत, ओळीने. कॉलर, बाही, खिसा यांचे कापलेले तुकडे ती असेच क्रमाने पिनेत अडकवून ठेवते.

दुसऱ्या आठवड्यात ती म्हणाली, "चल, ट्रायल घेऊ."

मला वाटलं घरात. तर ही गेली थेट कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात. समोर चार ओळखीची माणसं उभी, आणि ही बाई खणखणीत आवाजात औषधवाल्याला विचारते, "एक्स्क्यूज मी, व्हेअर इज गेट फोर्टीन?" धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. औषधवाला हौशी निघाला. त्याने इंग्रजीतच लांबलचक रस्ता सांगितला, सरळ जा, मग डावीकडे, मग जिना. ताईने सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली आणि बाहेर पडली.

घरी येऊन मलाच फैलावर घेतलं. "मास्तर, तुझं शिकवणं एका बाहीच्या शर्टासारखं आहे. प्रश्न शिकवलास. उत्तर कोण शिकवणार?"

तीस वर्षांत हे मला सुचलं नव्हतं.

उपाय तिनेच काढला. समोरच्याला नुसत्या हाताने उत्तर देता येईल, असेच प्रश्न विचारायचे. 'धिस वे?' 'हिअर?' 'शो मी, प्लीज.' आणि एकदा विचारलं की तोंड बंद. "आपण बडबडत राहिलो की समोरचा सुटतो," ती म्हणाली. मग पोस्टातला कारकून, बँकेचा पहारेकरी, बसचा ड्रायव्हर, कोणालाही तिने सोडलं नाही. लोक हसायचे. तीही हसायची आणि पुन्हा विचारायची. मी चार पावलं मागून, जणू आमची ओळखच नाही असा चालायचो. आज त्या वागण्याची मला लाज वाटते.

शेवटच्या दिवशी तिने विचारलं, "पुन्हा एकदा बघा, याला काय म्हणायचं?"

"हे कुठे लागणार आहे तुला? कुठल्या पुस्तकातसुद्धा नाही."

"कापडवाला म्हणतो, संपलं. मी म्हणते, पुन्हा एकदा बघा. आणि तिथेच उभी राहते. दर वेळी वरच्या फळीवरून एक तरी तागा निघतो."

'प्लीज लुक अगेन.' ती पट्टी झुपक्यात सगळ्यात शेवटी लागली.

ताई निघाली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा फोन आला. पहिलं विमान तीन तास उशिरा पोचलं होतं, पुढचं निघून गेलं होतं. "काउंटरवरची बाई काहीतरी उद्या दुपारचं म्हणतेय," ताई म्हणाली. ऑपरेशन उद्या सकाळी नऊला होतं. तिचा आवाज स्थिर होता, पण मी तिला ओळखतो, ती रडायच्या बेतात होती.

"फोन दे तिला," मी म्हणालो. अखेर माझी वेळ आली होती. मी घसा साफ केला आणि 'आय शॅल बी एक्स्ट्रीमली ग्रेटफुल'पासून सुरू होणारं एक भलंमोठं, निर्दोष वाक्य त्या बाईला ऐकवलं. तिने उत्तर दिलं. इतक्या भरभर की मला एक शब्द कळला नाही. 'मला समजलं नाही' म्हणायला माझी जीभ उचलेना. इंग्रजीचा मास्तर ना मी! मी म्हणालो, "येस, येस. थँक्यू."

बाईने फोन परत दिला. तिच्या लेखी विषय मिटला होता.

"काय म्हणाली?" ताईने विचारलं.

"ताई, मला समजलं नाही गं."

"बरं," ती म्हणाली. रागावली नाही. फोन तिच्या हातात तसाच चालू राहिला आणि मला पलीकडचं ऐकू येत होतं.

"आय डोन्ट अंडरस्टँड. स्लोली, प्लीज."

बाई पुन्हा बोलली, या वेळी सावकाश. आता मलाही कळलं. आज जागा नाही.

"माय डॉटर. ऑपरेशन, टुमॉरो मॉर्निंग. आय ॲम मदर." ही पट्टी आम्ही पासपोर्ट तपासणाऱ्यासाठी केली होती. "प्लीज लुक अगेन."

मग ती थांबली. मी इकडे तोंडावर हात दाबून धरला, नाहीतर मीच काहीतरी बोललो असतो. ताई बोलली नाही. कॉम्प्युटरची बटणं वाजली, थांबली, परत वाजली. बराच वेळ गेला.

"वन सीट," बाई म्हणाली. दुसऱ्या कंपनीचं विमान, पाऊण तासात.

"थँक्यू. शो मी, प्लीज," ताई म्हणाली, आणि फोन बंद झाला.

दुसऱ्या दिवशी फोन आला तेव्हा मागे बाळ रडत होतं. मुलगी. दोघी सुखरूप. "आत नेताना तिने मान वळवून दाराकडे पाहिलं," ताई सांगत होती. "मी होते रे."

एवढी धीराची बाई माझी बहीण आहे आणि मी तिच्यापासून चार पावलं मागे चालत होतो.

"आता तू कधी येतोस? भाची विचारतेय."

मी गुडघ्याचं सांगितलं, घर बंद ठेवायचं सांगितलं. ती ऐकत राहिली. मग खरं ते बोललो. "तिथली माणसं फार भरभर बोलतात, ताई. माझी फजिती होईल. म्हणून तर मी आजवर पासपोर्टसुद्धा काढला नाही."

"पट्ट्या पोस्टाने पाठवते. क्रम लावलेलाच आहे."

"नाही गं, मला नाही जमायचं."

"पुन्हा एकदा बघ," ताई म्हणाली, आणि पुढे काहीच बोलली नाही.