मंडईतलं जहाज

नाटकाशिवाय मंडई म्हणजे मिठाशिवाय वरण, हे नागभीडकडच्या झाडीपट्टीत कोणीही सांगेल. धान कापून झालं की गावात जत्रा भरते, तीच मंडई, अन् तिच्यात नाटक लागतंच. त्र्याऐंशी साली गुणवंतराव मास्तरांनी वास्को-द-गामा उभा केला. अन् वास्को कोण? तर कय्यूम शिंपी. त्याच्याएवढा दणदणीत आवाज गावात होता कोणाचा!

शाळेच्या पुस्तकातला वास्को म्हणजे थोर दर्यावर्दी, भारताची वाट शोधणारा, बस्स. पण मास्तरांनी आणखी कुठंतरी वाचलं होतं, की या बहाद्दरानं मक्केहून परतणाऱ्या हाजींचं जहाज बायकापोरांसकट जाळलं. बायका लेकरं वर उचलून दाखवत होत्या, तरी जाळलं.

"आगीशिवाय गर्दी होत नाई, कय्यूम," मास्तर म्हणाले. "आपण त्या हाजीईले चाचे म्हणू. कोणाले कळते?"

कय्यूमची अम्मी, शमसुन्निसा, येत्या हंगामात मुंबईहून जहाजानं हजला निघणार होती. अन् त्या गावाचा पक्का समज होता, की नारळ फुटलेल्या रंगमंचावरचा शब्द वाया जात नाही. नाटकात मरणारा नटसुद्धा आधी मंचाच्या फळ्यांना हात लावून माफी मागायचा. "लावा आग" हा वास्कोचा हुकूम आपण बोललो, तर ती आग कोणत्या जहाजाला लागेल?

"नाई म्हणू का, अम्मी?"

"पूरा गाव वाट पाहून राह्यला, बेटा. काम कर. फक्त तेवढा शब्द बोलू नको."

पडदा उघडला. बांबू अन् रद्दीचं जहाज उभं होतं, आत कोणीच नव्हतं. बाजूला आग लावायच्या कामावरचा मुखरू काडेपेटी घेऊन हुकुमाची वाट पाहत बसला होता. कय्यूम पुढं आला. नायक आला की तिथल्या बाया लेकरं वर उचलत, त्याची नजर पडून पोर धीट व्हावं म्हणून. त्यांनी उचलली. रांगेनं, सगळ्यांनी. बाया हसत होत्या, पण कय्यूमला त्या हसताना दिसेचनात. नाकात खारट वारा शिरला. अरे बाप्पा, या झाडीत कुठला समुद्र!

हुकुमाची वेळ आली, तसा तो एक पाऊल मागं सरला.

"बोल नं बे!" मास्तर आतून खेकसले.

कय्यूमनं नकारार्थी मान हलवली. पण तालमी तर अख्ख्या गावानं पाहिल्या होत्या. मागून कोणीतरी मजेत ओरडलं, "लावा आग!" मग सगळं मैदानच एका सुरात, "लावा आग! लावा आग!"

मुखरूनं काडी ओढली.

भडका उडाला, अन् रिकाम्या जहाजातून किंकाळ्या आल्या. लेकरांच्यासुद्धा. कय्यूम तसाच आगीत घुसला. "अम्मी! अम्मी!" ओरडत उघड्या हातांनी पेटते कागद ओढू लागला. बांबू कोसळले. आत नुसती राख होती.

मैदान शिट्ट्यांनी दणाणलं. "वन्स मोर! वन्स मोर!" काय नट आहे, म्हणे!

होरपळलेले हात घेऊन तो वळला. टाळ्या वाजवत नव्हती ती एकटी शमसुन्निसा. ती उठून मंचापाशी आली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"कय्यूम," तिनं हळूच विचारलं, "त्याईतलं कोणी वाचलं का रे?"